आजींच्या नावावरचं मांस

सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना घारीला मायक्रोस्कोपखाली जे दिसलं, ते पाहून ती स्टुलावरून ताडकन उठली. जंत दिसला असता तर आनंदाने उठली असती, कारण तीन दिवस ती जंताचीच वाट पाहत होती. पण हा जंत नव्हता. हे मांस होतं. पिवळसर, टोकं बोथट झालेला एक तुकडा आणि त्यावर पट्टीने आखाव्यात तशा बारीक आडव्या रेघा. नीट न पचलेल्या मांसाचा धागा असाच दिसतो, आणि घारीने तो इतक्यांदा पाहिला होता की झोपेतही ओळखला असता.

मांस खाणं हा काही गुन्हा नाही. पण शौचाच्या नमुन्याचा तो डबा होता एका आजींचा, आणि आजींच्या फॉर्मवर आहाराच्या रकान्यात खुद्द घारीनेच तीन दिवसांपूर्वी लिहिलं होतं, ‘शाकाहारी, जन्मापासून.’ आजींचं तेवढ्यावर समाधान झालं नव्हतं. त्यांनी पुढे ‘अंडंसुद्धा नाही’ असं लिहायला लावलं होतं आणि लिहिलेलं वाचून घेतलं होतं.

घार हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. तिकडे, मायदेशी, ती एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं होती. रोज दीडदोनशे डबे, त्यात शौचाचे नमुने, त्यातले जंत आणि जंतांची अंडी. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या नजरेवरून तिला हे नाव ठेवलं. नवऱ्याच्या मागोमाग ती या देशात आली तेव्हा तिच्या सर्टिफिकेटांची किंमत इथे निम्मी ठरली आणि ती झाली मदतनीस. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटव, मशीनच्या तोंडात नळ्या घाल, निघेल तो कागद पुढे दे. आपल्या भाषेचा पेशंट आला की तेवढं तिला काउंटरवर बोलवायचे. इथे जंत कुणी पाहिलेलेच नव्हते. पाहिले असतील तर पुस्तकात, आणि पुस्तकातला जंत वळवळत नाही.

आजींना महिनाभर खोकला आणि धाप. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी दमा ठरवला. साधी औषधं लागू पडेनात, तेव्हा स्टेरॉइड मोठ्या मात्रेत द्यायचं ठरलं. पण घारीने आजींच्या रक्ताची काच पाहिली होती. केशरी दाण्यांच्या ज्या पांढऱ्या पेशी शंभरात दोन-चार असाव्यात, त्या तिथे बावीस होत्या; अंगात जंत असला की त्या अशाच वाढतात. आणि आजींनी फॉर्म भरताना सांगितलं होतं की त्यांची फुलझाडांची रोपवाटिका होती, चाळीस वर्षं त्या अनवाणी वाफ्यांत वावरल्या. घारीच्या डोक्यात घंटाच वाजली.

अनवाणी पायातून शिरणारा एक जंत असतो. केसाहून बारीक. तो आतड्यात घर करतो, आतल्या आतच आपली पिलावळ वाढवतो आणि तीस-तीस वर्षं हूं की चूं करत नाही. माणूस देश बदलतो, हवा बदलते, जंत तोच राहतो. मात्र स्टेरॉइड पोटात गेलं की शरीराचा पहारा उठतो आणि हाच गुपचूप जंत हजारोंनी वाढून फुप्फुसात, रक्तात, मेंदूत शिरतो. मग पेशंट हाती लागत नाही. घारीने तिकडे असे दोघे जाताना पाहिले होते. दोघांनाही दम्याचंच औषध चाललं होतं.

तिने हट्ट धरला म्हणून डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांचे तीन नमुने मागवले. रक्ताची एक तपासणी होती, पण तिचं उत्तर यायला दहा दिवस. जंताची गोळी या गावात कुणी ठेवतच नसे. पुरावा दाखवला की ती दुसऱ्या शहरातून यायची. पहिले दोन रिपोर्ट स्वच्छ आले. आज सकाळी आजींची धाप वाढली, त्यांना वॉर्डात भरती केलं. तिसरा रिपोर्ट स्वच्छ आला की दुपारी चार वाजता पहिलं इंजेक्शन.

आणि तिसऱ्या डब्यात हे मांस.

घारीने फ्रिज उघडून आधीचे दोन डबे काढले. ते दुसऱ्यांनी तपासले होते. जंत नाही एवढं बघून त्यांनी काच धुवायला टाकली होती. तिने नवीन काचा लावल्या. पहिल्यात आडव्या रेघांचा धागा. दुसऱ्यात दोन. तिचं रक्तच सळसळलं होतं. नमुने स्वच्छ असणारच! ते आजींचे नव्हतेच मुळी.

ती तशीच लॅबप्रमुखांकडे गेली. हे गृहस्थ तिच्याहून दहा वर्षांनी लहान, सज्जन, आणि त्यांच्या कोटावर सुरकुती कशी ती शोधून सापडायची नाही. घारीने मनातल्या मनात त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं होतं.

“सर, हा नमुना आजींचा नाही.”

“चिठ्ठी त्यांचीच आहे.”

“चिठ्ठी त्यांची आहे, आतला माल दुसऱ्याचा आहे. यात मांस आहे. आजी अंडंसुद्धा खात नाहीत.”

इस्त्रीसाहेबांनी काच पाहिली. बराच वेळ पाहिली. “लोक सांगतात एक आणि खातात एक,” ते म्हणाले.

“हे लोक नाही तसं करत, सर. खाल्लं तर सांगणार नाहीत हे खरं. पण ज्यांनी खाल्लं नाही ते फॉर्मवर अंड्याची वेगळी ओळ लिहून घेतात.”

त्यांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं. मग घड्याळाकडे पाहिलं. “चारपर्यंत मी रिपोर्ट धरून ठेवतो. चारनंतर माझ्या हातात काही नाही.”

“चारपर्यंत पुरे,” घार म्हणाली. पुरे होतं की नव्हतं, देव जाणे.

आजी पहिल्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी पदर नीट खोचलेला. शेजारी त्यांचा मुलगा, पन्नाशीचा, पार्सलची व्हॅन चालवायचा, त्याचा गणवेश अंगावर. बायको कामावर, म्हणून आज आईजवळ तो थांबला होता. घारीने त्याला खुणेने बाहेर बोलावलं.

“दादा, परवापासून तुम्ही काय काय खाल्लंत?”

चोराच्या मनात चांदणं. त्या माणसाचा चेहरा असा उतरला की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरली नाही.

“ताई,” तो कुजबुजला, “डेपोच्या कँटीनमध्ये... कधीतरी. रोज नाही. आईला सांगू नका, पाया पडतो. मी इकडे यायला निघालो तेव्हा तिने शपथ घेतली होती माझ्याकडून.”

“ते राहू द्या. तिन्ही डबे तुमचे ना?”

त्याने मान खाली घातली. “ती ऐकेना. म्हणाली, मेले तरी असलं काही डब्यात घालून देणार नाही, तूच काय ते बघ. मी म्हटलं, आपण एका घरात राहतो, एकाच चुलीवरचं जेवतो, एकच पाणी पितो. तिच्या पोटात जे असेल ते माझ्याही असणारच की!”

घारीला हसावं की याचा कान पिरगाळावा कळेना. “दादा, तुम्ही कधी रोपवाटिकेत अनवाणी राबलात?”

“मी? मला लहानपणीच मामाकडे शाळेला ठेवलं. बूट घालून.”

“मग चूल एक असून काय उपयोग? तो जंत चुलीतून येत नाही, पायातून येतो.” आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. इंजेक्शन कधी आहे, जंत असताना ते दिलं तर काय होतं, तिकडचे ते दोघे कसे गेले. सांगताना तिने काही गोड केलं नाही. व्हॅनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि “मी आईला मारलं असतं,” एवढंच दोनदा म्हणाला.

“अजून नाही मारलंत. उठा.”

पण आजी म्हणजे आजी. घारीने खुर्ची ओढून शांतपणे समजावलं, डबा पुढे केला, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“नाही म्हटलं ना पोरी. परसाकडचं ते परसाकडेच राहावं. ते काय डब्यात भरून कुणाच्या हाती देतात?”

“आजी, माझं कामच ते आहे. एकोणीस वर्षं तेच बघून दोन पोरं वाढवली मी.”

“तुला लाज नाही, ते तुझं तुझ्यापाशी.” वाक्य संपता संपता त्यांना धाप लागली. दोन मिनिटं नुसता श्वासाचा आवाज.

“तुम्ही शेणखत हाताने कालवलंत की नाही चाळीस वर्षं?”

“ते गाईचं!” आजी कडाडल्या. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना भाषा कळत नव्हती, तरी त्या दचकल्या.

घड्याळात दीड वाजला होता. घारीने सगळे उपाय करून पाहिले. नातवंडांची आठवण काढली, जिवाची भीती घातली. आजी म्हणाल्या, “मरायचं तर मरेन, पण अब्रूने मरेन.” भीती घालण्यात अर्थच नव्हता, ही बाई मरणाला डब्यापेक्षा कमी भीत होती.

“आणि तीन डबे दिले ना याने?” आजी मुलाकडे बोट करून म्हणाल्या. “तीन पुरले नाहीत तुम्हाला? काय निघालं त्यात?”

व्हॅनवाल्याने घारीकडे पाहिलं. त्याची नजर हात जोडत होती. घारीने त्याला मघाशी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आता तिने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं. एकाची लाज राखायची तर दुसरीचा जीव जात होता.

“मांस निघालं, आजी.”

“काय?”

“मांस. तिन्ही डब्यांत. आणि तिन्ही डब्यांवर तुमचं नाव आहे. दवाखान्याच्या कागदावर आता तसंच चढणार. आजींच्या पोटात मांस.”

आजींनी सावकाश मान वळवली आणि मुलाकडे पाहिलं. पन्नाशीचा तो बाप्या, दोन मुलांचा बाप, पाचावर धारण बसून खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आजींना एका क्षणात सगळं कळलं. डबे कुणाचे, कँटीन कुठलं, शपथ कितपत टिकली, सगळं. आया उगाच आया होत नाहीत.

“तुझ्याशी मी नंतर बोलेन,” त्या म्हणाल्या. मग घारीकडे वळल्या आणि हात पुढे केला. त्यांचे डोळे असे चमकत होते की त्या आजारी आहेत हे क्षणभर विसरायला व्हावं. “आण गं तो डबा. माझ्या नावावर मांस? एकाहत्तर वर्षं मी वासाने उठून गेलेय पंगतीतून! बघू कोण लिहितं ते कागदावर. आण म्हणते ना!”

दोन वाजून दहा मिनिटांनी घार तो डबा छातीशी धरून जिना उतरत होती, एकेक पायरी गाळत. इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण डबा हातात आल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. डबा अजून कोमट होता, म्हणजे आत कुणी असलंच तर जिवंत होतं.

पहिली काच. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. मांसाचा धागाही नाही, आजी शब्दाला पक्क्या होत्या. पण हा जंत थोडी थोडी पोरं बाहेर धाडतो, चिमूटभर काचेत तो सापडेलच असं नाही. तिकडे त्याच्यासाठी एक जुनी रीत होती. गाळणीच्या जाळीत नमुना ठेवायचा, खाली कोमट पाणी. उबेच्या ओढीने जंताची पोरं जाळीतून बाहेर पडतात, पाण्यात येतात आणि तळाशी बसतात. मग तळाचे दोन थेंब काढून बघायचे. इथे लाखो रुपयांची मशीनं होती आणि एक नरसाळं नव्हतं. ती तसं मोठ्याने बोललीही.

“कँटीनमध्ये तेल ओतायचं नरसाळं असतं, ते चालेल?” मागून आवाज आला. इस्त्रीसाहेब बाह्या सरसावून उभे होते. ते खरंच कँटीनमध्ये गेले आणि निळं प्लॅस्टिकचं नरसाळं घेऊन आले. वर, परत मिळणार नाही असं तिथल्या बाईंना सांगूनही आले. घारीने त्याच्या खालच्या तोंडाला रबरी नळी बसवली, नळीला चिमटा लावला, वर ड्रेसिंगचं जाळीदार कापड घडी करून घातलं. पाणी मनगटावर टाकून पाहिलं, बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं.

“आता?” इस्त्रीसाहेबांनी विचारलं.

“आता तासभर थांबायचं.”

“लवकर नाही होणार?”

“पी हळद अन् हो गोरी असं नसतं, सर. जंताला घाई नसते.”

थांबण्यासारखी कठीण गोष्ट जगात दुसरी नाही. घार पाणी निवू नये म्हणून नरसाळ्याला दोन्ही हातांनी धरून बसली. इस्त्रीसाहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. तीन वीस. तीन तीस. हळूहळू लॅबमधले बाकीचेही कामं सोडून भोवती जमले. कुणी मोठ्याने बोलेना, जणू बोलल्याने जंत बिचकेल.

तीन एकोणचाळीसला तिने चिमटा सोडला. तळाचं पाणी नळीत घेतलं, मशीनमध्ये फिरवलं, एक थेंब काचेवर. भिंगाला डोळा लावला. पाणी, घाण, पाणी. काच सरकवली. पुन्हा पाणी. तिच्या कपाळावर घाम आला. दुसरा थेंब, दुसरी काच. डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, शेतात नांगर फिरावा तशी ती फिरत राहिली. तीन सत्तेचाळीस.

आणि मग कोपऱ्यातली घाण हलली.

घारीने श्वास धरला. काच आणली मध्यभागी. काचेसारखा पारदर्शक एक दोरा, टोकाला निमुळता, अंगाला पीळ देत, वळवळत, फटकारे मारत पळत होता. थेंबभर पाण्यात त्याने नुसता धुमाकूळ घातला होता.

“आहे!” ती ओरडली. “आहे! आहे! जिवंत आहे!”

इस्त्रीसाहेबांनी तिला जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. “हा... हा तर पळतोय!” ते लहान मुलासारखे किंचाळले. पुस्तकातला जंत त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हललेला दिसत होता. कुणीतरी वॉर्डात फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तेव्हा घार निघाली. आणि तिच्या पुढे, तीन-तीन पायऱ्या गाळत, इस्त्रीसाहेब. त्यांचा कोट मागे झेंड्यासारखा उडत होता.

नर्सने आजींच्या हातावर पट्टा बांधला होता. डॉक्टरीणबाई सिरिंज हातात घेऊन उभ्या होत्या.

“थांबा!” दोघंही एकदम ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या सिरिंजकडे. इस्त्रीसाहेबांनी धापा टाकत फोन पुढे केला, त्यात त्यांनी पळायच्या आधी भिंगावर धरून काढलेला व्हिडिओ होता. डॉक्टरीणबाईंनी तो पूर्ण पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. सिरिंज त्यांनी ट्रेमध्ये ठेवली, पट्टा स्वतःच्या हाताने सोडला आणि नर्सला म्हणाल्या, “गोळ्यांसाठी शहरात फोन लाव. आत्ताच्या आत्ता. रात्रीपर्यंत गाडीने पोचल्या पाहिजेत.” मग घारीकडे वळून म्हणाल्या, “मी आता देणारच होते.” घार आजींच्या खाटेवर बसली आणि हसता हसता रडायला लागली, त्याची तिला लाजही वाटली नाही. व्हॅनवाला तर आईच्या पायावर डोकं टेकून हमसाहमशी रडत होता.

“मेलं कुणी नाही, काय झालं रडायला?” आजी म्हणाल्या. “दाखवा बघू मला.”

फोन त्यांच्यापुढे धरला. आजींनी डोळे बारीक करून तो पाहिला.

“एवढासा?”

“एवढासाच. वाफ्यांतून पायात शिरलेला. तीस वर्षं झाली असतील, चाळीसही असतील.”

“चाळीस वर्षं जेवला माझ्या पोटात आणि ओळख आज दाखवली.” त्या आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. “पोरी, मी एकटीच नव्हते गं वाफ्यांत. आम्ही बाराजणी होतो. सगळ्या अनवाणी. पोरं एकेक करून इकडे आली, त्यांच्या मागे आम्ही आलो. बाकीच्या अकराही जणी याच गावात आहेत, आमच्याच इमारतींत.”

घारीचं रडणं थांबलं.

“आणि तिसऱ्या मजल्यावरची,” आजी सावकाश म्हणाल्या, “तिला धाप आहे. सहा महिने झाले. तिला गोळ्या देतात, सूज उतरायच्या. तोंड कसं गोल झालंय तिचं. हेच औषध का ते?”

स्टेरॉइडनेच तोंड असं गोल होतं. घारीने डॉक्टरीणबाईंना तिथल्या तिथे सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी खिशातलं पेन काढलं. “पत्ता सांगा. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, पण तिला उद्या सकाळी इथे आणा. नमुन्यासकट.”

“ती नाही देणार,” व्हॅनवाला नाक पुसत म्हणाला. “आईपेक्षा लाजरी आहे.”

“तू गप्प बस. तुझा सल्ला ऐकूनच इथवर आलो.” आजींनी हात पुढे केला. “फोन दे इकडे. आणि तू गं, अकरा डबे काढून ठेव.”

पलीकडे घंटा वाजत होती. आजी नाकातली नळी सावरून ताठ बसल्या. फोन उचलला गेला तशा त्या बोलल्या, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि त्यात लाजेचा मागमूस नव्हता.

“मी बोलतेय. ऐक, उद्या सकाळी परसाकडे गेलीस की डब्यात घालून आण. हो, डब्यात. मी दिलंय, मेले नाही. काय? नाही, सुनेचं नाही चालत. मुलाचं तर मुळीच नाही! चूल एक असली तरी पाय तुझेच होते ना वाफ्यात? तुझं तूच दे, आणि मधे कुणी आलं तर माझं नाव सांग.”

तिसऱ्या मजल्यावरून काय उत्तर आलं ते ऐकायला घार थांबली नाही. ती डबे आणायला केव्हाच जिन्यात पोचली होती.